सिंक तुंबतं तेव्हा आत काय घडतं?

सिंक तुंबलं की घराघरांत पहिला प्रश्न ठरलेला: भात कोणी टाकला? दुसराही ठरलेला: प्लंबरचा नंबर कोणाकडे आहे? या दोहोंच्या मधला एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि सगळी गंमत तिथंच दडलेली आहे. कालपर्यंत बादलीभर पाणी घटाघटा पिणारा पाइप आज घोटभरही का घेईना? आत नेमकं घडलं तरी काय?

हे एकदा कळलं की सिंक स्वतःच्या हातानं मोकळं करता येतं, हा झाला व्यवहाराचा भाग. पण ज्या काळ्या, बुळबुळीत ऐवजाकडे बघून आपण नाक मुरडतो, त्याची जन्मकथा ऐकून तोंडाचा आ वासतो, हे त्याहून मोठं.

आधी सिंकखालचं कपाट उघडा. फिनेलची बाटली, जुनी फडकी बाजूला सारा आणि टॉर्च मारा. सिंकच्या जाळीखालून एक आखूड नळी उतरते आणि एका बुटक्या गोल भांड्यात शिरते. हा बॉटल ट्रॅप. त्याच्या कुशीतून दुसरी नळी निघते आणि भिंतीत किंवा जमिनीतल्या नहाणी ट्रॅपकडे जाते. काही घरांत बॉटल ट्रॅपऐवजी नळीलाच खाली झोल देऊन पुन्हा वर उचललेलं असतं. आकार कुठलाही असो, युक्ती एकच: खाली जाणाऱ्या पाण्याला वाटेत एकदा मुद्दाम वर चढायला लावायचं. पण का? पाइप सरळ उतरता टाकला असता तर पाणी सुसाट गेलं असतं, काही अडकायचा प्रश्नच नव्हता. मग स्वतःच्या हातानं हा अडथळा कशाला उभा करायचा?

कारण पाइपाला दोन तोंडं असतात आणि दुसऱ्या तोंडाचा आपल्याला विसर पडतो. ज्या वाटेनं पाणी खाली जातं त्याच वाटेनं गटारातली हवा वर येऊ शकते. त्या हवेत सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो. हवेच्या अब्ज भागांत त्याचे मोजके काही भाग असले तरी आपलं नाक त्याला पकडतं. झुरळंही याच वाटेनं येतात. ही वाट हवेला बंद हवी आणि पाण्याला उघडी. झडप बसवावी तर खरकट्यानं ती दोन दिवसांत अडकणार. मग?

याचं उत्तर १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंगनं काढलं. शौचकूपासाठी त्यानं पेटंट घेतलं, त्यात पाइपाला इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखं वळण होतं. वळणाच्या तळाशी थोडं पाणी कायम उभं राहतं, आणि ते पाणी हाच दरवाजा! हवा त्यातून वर येऊ शकत नाही, पण वरून आलेलं पाणी त्याला सहज पुढे ढकलून त्याची जागा घेतं. म्हणजे दर भांड्यागणिक दरवाजा नवा होतो. आणि हा कमिंग धंद्यानं कोण होता? घड्याळजी. आयुष्यभर दाते, चाकं आणि स्प्रिंगा यांच्यात वावरलेल्या माणसानं असा दरवाजा शोधला की ज्यात हलणारा एकही भाग नाही. अडीचशे वर्षं झाली, याहून स्वस्त आणि न बिघडणारं काही कोणाला सुचलेलं नाही.

ही पाण्याची भिंत असते केवळ दोनेक इंच उंच. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा, घर बंद करून महिनाभर बाहेर गेलात तर ती आटून जाते. परतल्यावर दार उघडताच घरात काहीतरी मेल्यासारखा वास येतो. घाबरायचं कारण नाही. प्रत्येक सिंक, बेसिन आणि नहाणी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता, दरवाजा बंद. जाण्यापूर्वी ट्रॅपमध्ये पाणी भरून त्यावर चमचाभर तेल सोडलं तर तेलाचा पातळ थर पाण्याची वाफच होऊ देत नाही. तेल सिंकच्या कामी येतं असा हा एकच प्रसंग. बाकी सगळीकडे तेच गुन्हेगार आहे.

वळणाची किंमत मात्र मोजावी लागते. पाणी जिथं मंदावतं तिथं जड वस्तू तळाशी बसतात. हे साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडोच्या गवंड्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी विटांच्या झाकलेल्या नाल्यांना जागोजागी खड्डे ठेवले, गाळ तिथंच बसावा आणि तिथूनच काढता यावा म्हणून. बॉटल ट्रॅपची खालची वाटी आट्यांची असते ती याच विचारानं. ती उघडण्यासाठीच बनवलेली आहे! आपण ती वर्षानुवर्षं उघडत नाही आणि मग पाइपाला नावं ठेवतो.

आता भाताकडे वळू, कारण आळ त्याच्यावर आहे. तांदळाच्या दाण्यात स्टार्चचे सूक्ष्म कण असतात. शिजताना ते पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची खळ होते. संक्रांतीला फाटलेल्या पतंगाला आपण शितं चोळून कागद चिकटवतो, तीच ही खळ. गार झाल्यावर त्यातले रेणू पुन्हा एकमेकांना बिलगून बसतात, म्हणूनच रात्रीचा भात सकाळी टणक लागतो. सिंकखालच्या अंधारातही हेच चालतं: शितं आधी फुगतात, मग चिकटतात, मग घट्ट होतात. पिठलं आणि झुणक्याचं बेसन त्यांना साथ देतं. चहाची पत्ती तर विरघळतच नाही, ती सगळ्यांच्या मध्ये जाऊन रुतते. तरीही नुसत्या भातानं पाइप फार दिवस बंद राहत नाही. पाण्याचा लोट त्याला पुढे नेतोच. त्याला धरून ठेवणारं दुसरंच कोणीतरी लागतं.

ते म्हणजे स्निग्ध पदार्थ. इथून खरी कहाणी सुरू होते.

तेलकट कढईला भांड्यांचा साबण लावला की तेल क्षणात नाहीसं होतं. कुठं जातं? साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. असे असंख्य रेणू तेलाच्या एकेका बारीक थेंबाभोवती कडं करतात आणि त्याला पाण्याच्या हवाली करतात. तेल नष्ट झालं असं आपल्याला वाटतं, पण साबणानं त्याला फक्त वाहून न्यायच्या लायकीचं केलेलं असतं. पुढे पाइपात गार पाणी येऊन मिसळतं, साबण विरळ होतो, कडं सुटतं आणि तेल पुन्हा मोकळं. आता ते कढईवरून पाइपाच्या भिंतीवर आलेलं आहे, एवढाच काय तो फरक!

भिंतीवर ते टिकेल की वाहून जाईल, हे रेणूच्या आकारावर ठरतं. तेल असो वा तूप, प्रत्येक रेणूला तीन लांब शेपट्या असतात. तूप, डालडा, पामतेल यांच्यात सरळ शेपट्यांचं प्रमाण बरंच. सरळ शेपट्या एकमेकींना खेटून बसतात आणि पदार्थ थिजतो. शेंगदाणा किंवा सूर्यफुलाच्या तेलातल्या शेपट्या बहुतांशी मधेच वाकड्या असतात, त्या नीट रचून बसत नाहीत, म्हणून ते तेल पातळ राहतं. एका वाकणानं केवढा फरक! आता नागपूरचा हिवाळा आठवा. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे इथं पारा ३.५ अंशांवर उतरला होता. बाहेरच्या भिंतीवरून जाणारे पाइप अशा रात्री किती गार पडत असतील? डालडा आणि पामतेल तर साध्या थंडीतही थिजतं. उन्हाळ्यात बिनतक्रार चालणारी सिंकं थंडीत कुरकुर करू लागतात, ती यामुळे.

सावजी रश्श्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि मला ती सगळ्यांत विलक्षण वाटते. या रश्श्यावर तरंगणारी लालभडक तर्री परंपरेनं जवसाच्या तेलाची. जवसाच्या तेलातल्या बहुसंख्य शेपट्यांना एक सोडून तीन-तीन वाकणं असतात, त्यामुळे ते शून्याखालीही पातळच राहतं. नागपूरची कुठलीच थंडी त्याला थिजवू शकत नाही. म्हणजे पाइपाला धोका नाही? थांबा. त्या प्रत्येक वाकणापाशी हवेतला ऑक्सिजन येऊन जोडला जातो, शेजारच्या दोन शेपट्या एकमेकींत गुंततात, आणि पातळ तेलाचं हळूहळू चिवट कातडं बनतं. युरोपातल्या चित्रकारांनी शतकानुशतकं तैलरंग याच तेलात कालवले. खिडकीची काच बसवायची जुनी लांबी म्हणजे खडूची पूड आणि हेच तेल. तर्रीतलं जे तेल जिभेला झिणझिण्या आणतं, त्याच जातीचं तेल संग्रहालयातल्या चित्रावर सुकून बसलेलं आहे. पाइपाच्या ज्या भागात पाणी उभं राहत नाही आणि हवा खेळते, तिथं त्याची पातळ फिल्म अशीच चिवट होऊ शकते.

थिजणं झालं, सुकणं झालं. तिसरी तऱ्हा याहून अचंब्याची. पाइपातले जिवाणू आणि पाणी मिळून स्निग्ध रेणूच्या शेपट्या तोडतात आणि मोकळी आम्लं तयार होतात. त्यांना पाण्यातलं कॅल्शियम भेटलं की दोघांचा मिळून साबण होतो. हो, साबणच! पण सोडियमचा साबण पाण्यात विरघळतो आणि कॅल्शियमचा विरघळत नाही. तो दगडासारखा बसतो. बोअरवेलच्या जड पाण्यात कपड्यांना फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट साका धरतो, त्याचंही कारण हेच. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली हा ऐवज प्रयोगशाळेत मुद्दाम बनवून दाखवला. आणि २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात रस्त्याखाली या पदार्थाचा एक अजस्र गोळा सापडला: २५० मीटर लांब, १३० टन वजनाचा. त्याचा एक तुकडा पुढे म्युझियम ऑफ लंडनमध्ये प्रदर्शनात ठेवला गेला. तुमच्या बॉटल ट्रॅपमधली पांढरट खपली त्याचीच भावकी.

साबणाचा विषय निघालाच आहे तर राखेचीही आठवण काढू. आपल्या आज्या चुलीतल्या राखेनं भांडी घासत. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते क्षार. भांड्यावरच्या तुपा-तेलातली आम्लं त्याला मिळाली की तिथल्या तिथं साबण तयार! साबण विकत न आणता तो भांड्यावरच, भांड्याच्याच ओशटपणातून बनवण्याची ही रीत रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता घरोघर चालत होती.

एवढं सगळं जमलं की पाहुणे येतात. पाइपाच्या भिंतीवर जिवाणू वस्ती करतात आणि स्वतःभोवती चिकट गर विणतात. काळा, बुळबुळीत थर दिसतो तो हा. तो जिवंत असतो, आणि तो चढतो! २०१७ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी रुग्णालयांत असतात तशा बेसिनच्या ट्रॅपमध्ये हिरवे चमकणारे जिवाणू सोडले. खाऊ मिळाल्यावर ते दिवसाला साधारण एक इंच या वेगानं नळीतून वर सरकत जाळीपर्यंत पोचले. वरून नळाची धार पडली की ते बेसिनमध्ये उडाले. म्हणून पालेभाजी थेट सिंकात सोडून धुऊ नये, पातेल्यात धुवावी.

मग एवढी तयारी महिनोन् महिने चालू असताना आपल्याला पत्ता कसा लागत नाही? ‘कालपर्यंत तर बरोबर चालू होतं ना बाप्पा!’ हे प्रत्येक घरात ऐकू येतं आणि ते खरंही असतं. दीड इंची पाइपाची ताकद नळाच्या धारेच्या कितीतरी पट असते. आत थर वाढत जातो, पण नळाचं पाणी तरी निघून जातं, म्हणून तक्रार नाही. चारही बाजूंनी एकेक सेंटिमीटर थर बसला की ४ सेंटिमीटरचा व्यास २ वर येतो. वाट निम्मी झाली, तर पाणीही निम्मं जाईल ना? नाही. ते सहाव्या हिश्श्याच्या आसपास येतं! अरुंद नळीत पाण्याचं भिंतीशी घर्षण वाढतं, त्यामुळे वाट थोडी आवळली तरी प्रवाह एकदम कोसळतो. शेवटचे काही मिलिमीटर बाकी असताना एखादं शित येतं आणि दार लागतं. आळ त्या बिचाऱ्या शितावर जातो.

आता बाह्या सरसावू.

पहिलं काम तपासाचं. सिंकचा पाइप ज्या नहाणी ट्रॅपमध्ये उतरतो त्याची जाळी उचलून बघा. तिथंही पाणी तुंबलेलं असेल तर अडथळा पुढे, बाहेरच्या चेंबरकडे आहे, आणि सिंकखाली कितीही खटपट केली तरी व्यर्थ. तिथं सगळं मोकळं असेल तर गुन्हेगार सिंक आणि नहाणीच्या मधल्या दोन-तीन फुटांत आहे. अर्धं काम झालं.

सिंकमधलं पाणी मगानं उपसा. ट्रॅपखाली बादली ठेवा, ती विसरू नका. आता वाटी फिरवा. खालून वर बघत असाल तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं. वरून वाकून फिरवणाऱ्याची इथंच गफलत होते, कारण वरून बघताना दिशा नेमकी उलटी दिसते. घट्ट असेल तर ओल्या फडक्यानं पकडा. पक्कड लावली की प्लास्टिकच्या आट्या जातात.

वाटी हातात आली की लगेच ओतू नका, क्षणभर बघा. तळाशी चहापत्ती आणि मोहरीचे दाणे, जड म्हणून आधी बसलेले. त्यावर शितांचा राखाडी लगदा. कडेनं पांढरट, नखानं खरवडली तर मेणासारखी निघणारी खपली, कॅल्शियमचा साबण. आणि आतल्या नळीच्या टोकाला काळ्या शेवाळी लोंबत्या, जिवाणूंची वस्ती. आतापर्यंत वाचलेलं सगळं एका वाटीत, थरांनी लावून ठेवलेलं! जुन्या टूथब्रशनं घासा, ऐवज ओल्या कचऱ्यात टाका, रबरी वायसर जागेवर आहे ना ते बघा आणि हातानंच घट्ट करा. बहुतेक घरांत प्रकरण इथंच मिटतं.

वाटी स्वच्छ निघाली तर अडथळा पुढच्या नळीत. ती वळ्यावळ्यांची लवचीक नळी असेल तर माझा सल्ला ऐका: धुवायच्या भानगडीत न पडता बदलूनच टाका, आणि शक्य असेल तिथं आतून गुळगुळीत, कडक पाइप घ्या. त्या नळीची प्रत्येक वळी तेल धरून ठेवते, आणि मधे झोल पडला की तिथं दुसरा, बिनकामाचा ट्रॅप तयार होतो. पाइपाला चार फुटांमागे एक इंच उतार पुरतो, पण तो सलग हवा. पाइप भिंतीत गेलेला असेल तर लांब स्प्रिंग आत सारून मूठ फिरवत राहा. ती ढकलायची नसते, फिरवायची असते. फिरता फिरता ती स्वतःच थर कोरते.

आणि तो रबरी प्लंजर? त्याचं मला भारी कौतुक आहे. लोकांना वाटतं की तो जोरानं दाबायचा. बारा सेंटिमीटर रुंद कपाचं क्षेत्रफळ चार सेंटिमीटरच्या पाइपाच्या नऊपट असतं. कप एक इंच खाली गेला की हिशेबानं पाइपातलं पाणी नऊ इंच धावायला बघतं! तुमचा हात सावकाश हलतो आणि आतलं पाणी मुसंडी मारतं. पण ओढताना होतं ते त्याहून भारी. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. पाइपाचं तोंड साडेबारा चौरस सेंटिमीटरचं. तुम्ही कप वर खेचून अलीकडचा दाब कमी करता, तेव्हा पलीकडची हवा त्या बोळ्याला मागून ढकलते, कमाल बारा किलोंपर्यंतच्या जोरानं. म्हणजे डोक्यावरचं सगळं आकाश तुमच्या मदतीला सिंकखाली येतं! चिखलात रुतलेली स्कूटर आपण पुढे-मागे हलवत काढतो, एकाच दिशेला रेटत नाही. इथंही पुढे-मागे हाच मंत्र.

त्यासाठी दोन अटी. कप बुडेल इतकं पाणी सिंकमध्ये हवं, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कपाखाली हवा असेल तर तुमची मेहनत तीच खाऊन टाकते. आणि सिंकला शेजारी दुसरं सिंक किंवा कडेला ओव्हरफ्लोचं भोक असेल तर ते ओल्या फडक्यानं गच्च बुजवा, नाहीतर सगळा जोर तिथून निसटेल.

पाणी थोडं वाहू लागलं की मगच रसायन. किराणा दुकानात मिळणारा धुण्याचा सोडा मूठभर टाका आणि वरून गरम पाणी ओता. चरबी वितळते, क्षार तिचा विरघळणारा साबण करू लागतो. राखेचीच रीत, जरा जोरकस. पाणी उकळतं मात्र नको. पीव्हीसी पाइप ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, त्याचा आकार बिघडतो आणि सांधे सुटतात.

खायचा सोडा आणि व्हिनेगरचा फसफसाट सगळ्यांना आवडतो. एक मोठा चमचा सोडा पेलाभर व्हिनेगरमध्ये पुरता विरघळला तर चार लिटरांहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, हे खरं. पण सिंक वरून उघडं असतं, वायू तिकडून निघून जातो, आणि आम्ल व क्षार एकमेकांना संपवून मागे उरतं ते जवळपास निरुपद्रवी खारट पाणी. बघायला सुंदर, कामाला कमजोर.

ड्रेन क्लीनरच्या पुड्यांत कॉस्टिक सोडा असतो आणि काहींत ॲल्युमिनियमचे कणही. दोघं पाण्यात भेटले की पाणी भयंकर तापतं आणि हायड्रोजन निघतो, जो पेट घेतो. शेजारी गॅसची शेगडी असते हे लक्षात घ्या. पूर्ण तुंबलेल्या सिंकमध्ये ही पूड कधीच टाकू नका. ती ट्रॅपमध्ये तशीच साचते आणि वाटी उघडणाऱ्याच्या डोळ्यांत जाते. पूड टाकल्यावर बाथरूमचं ॲसिड तर चुकूनही ओतू नका. आणि ॲसिड व ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ईप्रच्या रणांगणावर शस्त्र म्हणून वापरला गेला तोच. माझ्या मते ज्या घरात हातानं वाटी उघडता येते त्या घरात या पुडीची गरजच नाही.

गुळगुळ आवाज करत पाणी गेलं. कुठं गेलं? चेंबरमधून मलवाहिनीत. नागपूरच्या सांडपाण्याचा मोठा भाग भांडेवाडीच्या शुद्धीकरण केंद्रात पोचतो. दिवसाला २० कोटी लिटर क्षमतेचं हे केंद्र. तिथं कोण राबतं? जिवाणूच! ट्रॅपमध्ये ज्यांना आपण घाण म्हणून खरवडलं, त्यांच्याच भाऊबंदांना इथं हवा देऊन, सांभाळून कामाला लावलेलं असतं. शुद्ध झालेलं पाणी कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांकडे जातं. म्हणजे तुम्ही कढई धुतलेलं पाणी वीज बनवायला हातभार लावतं, आणि त्या विजेवर कोणाच्या तरी स्वयंपाकघरात दिवा लागतो.

सांडपाण्याचं शास्त्र या शहराला परकं नाही. १९५८ साली स्थापन झालेली आणि १९७४ पासून नीरी या नावानं ओळखली जाणारी राष्ट्रीय संस्था नागपुरातच आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी ‘फायटोरिड’ ही पद्धत विकसित केली. तीत सांडपाणी वनस्पतींच्या मुळांमधून फिरवून स्वच्छ करतात आणि त्या वनस्पतींत कर्दळही आहे. जुन्या घरांत मोरीचं पाणी परसातल्या केळी-कर्दळीला सोडायची पद्धत होती, ती आठवते?

जे सांडपाणी केंद्रापर्यंत पोचत नाही ते नाग नदीत जातं. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघालेली ही नदी शहर ओलांडून पिली नदीला भेटते, मग कन्हानला. कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दचं धरण आहे. पुढे वर्धा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. सिंकच्या जाळीपासून समुद्रापर्यंत वाट सलग आहे. त्या वाटेवर सोडलेलं तेल कुठं ना कुठं भिंत धरतंच.

म्हणून एकच विनंती. आज रात्री कढई आणि तर्रीचं पातेलं नळाखाली धरण्याआधी वर्तमानपत्राच्या तुकड्यानं कोरडं पुसून घ्या आणि तो कागद कचऱ्यात टाका. तळणीचं उरलेलं तेल बाटलीत भरा, सिंकमध्ये ओतू नका. जाळीतलं खरकटं रोज काढा आणि बॉटल ट्रॅपची वाटी तीन-चार महिन्यांनी उघडा, विशेषतः दिवाळीचा फराळ उरकला की, थंडी पडायच्या आत.